रांजणातल्या टिकल्या

माझे सासरे तळ्याशी बोलत. काठावर बसायचे, डोळे अर्धवट मिटायचे, माशांना चुरमुरे टाकायचे आणि पुटपुटत राहायचे. "पान्याशी हळू बोलावं, सूनबाई. त्येला घाई कळत न्हाई." पक्के माळकरी, मासा कधी ताटात आला नाही, म्हणूनच की काय, कुठलाही मासा त्यांना लेकरूच वाटायचा.

पारनेरकडच्या आमच्या कोरड्या गावात त्या तळ्याचं मोठं अप्रूप. त्यात डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले बारके मासे होते. पोरं त्यांना टिकल्या म्हणत. भर दुपारी बघत बसलं की उन्हात चांदण्या चालल्यासारख्या वाटायच्या. मी नवी सून, धुणं तसंच टाकून बघत बसे आणि मामंजी मला कधी हटकत नसत.

माझं लग्न ठरवायला ते देवळाली प्रवऱ्याला आले, तेव्हा पाटातल्या चिलापी माशांवर भुलले. परतताना चार-पाच तांब्यात घालून आणले आणि तळ्यात सोडले. सुनेच्या आधी सुनेच्या माहेरचे मासे आले, अशी गावभर थट्टा झाली. दोन वर्षांत तळं चिलापींनी भरलं आणि टिकल्या दिसेनाशा झाल्या. तळ्यावर गळ टाकणारा बाळू म्हणाला, "आबा, ही जात बारक्यांची अंडी खाती. मला इचारायचं तरी!" त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तळं डबक्याएवढं उरलं. सगळं गाव आभाळाकडे बघत होतं आणि मामंजी चिखलात उतरले. गळ्यातली माळ त्यांनी बाभळीला अडकवली. "आनलं म्या, काढीन बी म्याच." टोपल्या भरभरून चिलापी काढल्या आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेल्या बायाबापड्यांना वाटल्या. एकेक मासा उचलताना त्यांचे ओठ हलत.

चिखलात अकरा टिकल्या जिवंत सापडल्या. त्या त्यांनी घरच्या रांजणात ठेवल्या. सासूबाई कोसावरून पाणी आणायच्या. "मानसाला घोटभर न्हाई, आन तुमी माशांना रांजन देता!" असं रोज करवादायच्या आणि करवादत करवादतच कळशीतलं पाणी रांजणात ओतायच्या.

तळं पुरतं आटलं, पुढच्या पावसात पुन्हा भरलं. आम्ही तिघांनी रांजण काठावर अलगद कलता केला. अकरा ठिपके पाण्यात विरघळल्यासारखे गेले. मामंजी लहान मुलासारखे हसले. माळ मात्र त्यांनी घातली नाही, कोनाड्यात ठेवली. मी एकदा सासूबाईंसमोरच धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ज्या हातांनी मारलं, त्या हातांनी कशी घालू?"

काही वर्षांनी ते गेले. तोवर तळं पुन्हा टिकल्यांनी चमचमत होतं. त्यांना अंगणात निजवलं, तेव्हा सासूबाई उठल्या, कोनाड्यातली माळ आणली आणि त्यांच्या गळ्यात घातली.

"हे हात माझे हायेत," त्यांच्या कानाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांनी नुसतं पानी घातलंय."