धनंजयच्या विहिरीचं पाणी

धनंजय किंजळे माझ्या हाताखाली नव्हता, तरी मी त्याच्यावर साहेबगिरी करायचो. आखातातल्या आमच्या कंपनीत तो रस्त्याकडेच्या बागा राखायचा आणि मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचा. मी ऑफिसात बसून त्याच्यासारख्यांची कागदपत्रं करायचो आणि संध्याकाळी अल कुसैसच्या फ्लॅटवर एसीत लोळायचो. अकरा वर्षांनी तो राजीनामा घेऊन आला, तेव्हा मी त्याला सरळ वेड्यात काढलं. अल धैद गावाच्या पलीकडे उमैमा नावाच्या एका अमिराती बाईंची शेती होती. खजुराची काही झाडं सोडली तर वीस वर्षं ओस पडलेली. ती पुन्हा उभी करायची आणि बायको-मुलीला घेऊन तिथंच राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"अरे, तिथं वाळूशिवाय आहे काय?" मी विचारलं.

"विहीर आहे, साहेब. पाणी गोड आहे. आणि दोन वर्षांतून एकदाची सुट्टी सोडली तर बायकोला अकरा वर्षं फोनवरच बघतोय मी."

मी राजीनामा पुढे ओढला. सही केली.

पहिल्या वर्षी या पठ्ठ्यानं काय करावं? गुहागरकडच्या सवयीनं मृग बघून जूनच्या सात तारखेला भेंडी पेरली. शेहेचाळीस डिग्रीत! जे कोंब वर आले ते दुपारपर्यंत भाजून निघाले. शेजारच्या शेतातला तहसीन नावाचा पाकिस्तानी माळी आधी पोट धरून हसला, आणि मग इथं पेरणी सप्टेंबर सरताना करायची असते हे त्यानंच शिकवलं. पुढच्या वर्षी त्याची बायको कावेरी मुलीला घेऊन आली. पत्र्याच्या केबिनमध्ये तिनं संसार मांडला. रात्रीतून दारात साचलेली वाळू ती रोज सकाळी घमेल्यानं उपसायची, तरी तक्रार म्हणून नाही. मुलगी दिया तेव्हा चार वर्षांची होती, आता दहाची आहे. सहा वर्षांत तिथं भेंडी, वांगी, पडवळ, अळू सगळं आलं. बाटलीबंद पाणी मात्र धनंजयनं घरात कधी येऊ दिलं नाही. विहीर असताना पाणी विकत घ्यायचं म्हणजे त्याला अपमान वाटायचा.

यंदा उमैमाबाईंच्या मुलांनी टुमणं लावलं, की शेती मोडून तिथं सुट्टीचा बंगला बांधायचा, पोहायच्या तलावासकट. बाईंनी निरोप पाठवला, की एप्रिलच्या पहिल्या शनिवारी येते, शेत बघते, तिथंच जेवते आणि काय ते सांगते. धनंजयनं मला फोन केला. "साहेब, तुम्ही या. तुम्ही असलात की मला धीर येतो." धीर कसला, आठवडाभर माझीच झोप उडाली होती.

तीन महिन्यांत मी तिकडे फिरकलो नव्हतो. बीपी वाढलं म्हणून डॉक्टरनं माझं मीठ बंद केलं होतं आणि घरच्यांनी गाडी; त्या दिवशी कुठं ती पुन्हा हातात आली. पोचल्यावर कावेरीनं तांब्या पुढे केला. एक घोट घेतला आणि मी थांबलोच. पाणी मचूळ होतं.

"कावेरी, पाण्यात मीठ पडलंय का गं?"

"काहीतरीच काय, भाऊजी!" ती हसली. "तुमच्या जिभेलाच पथ्य झालंय."

मी स्वयंपाकघरात जाऊन आमटी चाखली. तीही मला खारट लागली. "यात मीठ किती घातलंस?"

पळी हातात धरून ती तशीच उभी राहिली. हसू मावळलं. "मीठ... अहो, संक्रांतीपासून मी मिठाचा पुडाच आणलेला नाही. लागलंच नाही."

दारात उभ्या धनंजयनं हे ऐकलं. तो तसाच भेंडीकडे धावला. पानांच्या कडा करपलेल्या होत्या. आठवडाभर तो त्याचा दोष गरम वाऱ्याला देत होता. सहा वर्षांच्या उपशानं विहिरीत खारं पाणी चढत गेलं होतं, आणि रोज तेच पिणाऱ्या तिघांनाही ते कधी बदललं ते कळलं नव्हतं. इतक्यात फाटकापाशी गाडीचा धुरळा दिसला.

"माझ्या गाडीत बाटल्या आहेत," मी घाईनं म्हणालो. "तेच पाणी ठेव बाईंपुढे. आजचा दिवस निभावू दे."

कावेरीनं तसंच केलं. चटईवर बसलेल्या उमैमाबाईंपुढे तिनं बाटलीतल्या पाण्याचा ग्लास ठेवला. धनंजयनं तो उचलला, बाजूला ठेवला आणि विहिरीच्या पाण्यानं भरलेला दुसरा आणून दिला. मला त्याचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

बाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. मग दियाकडे बघत त्यांनी विचारलं, "ये बच्ची भी यही पीती है?"

"येस," दिया म्हणाली. "इट्स आवर वॉटर."

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "खजूर ये पानी पी लेगा," त्या म्हणाल्या. "सब्जी नहीं पियेगी. और बच्ची तो बिलकुल नहीं. धनंजय, तुम रहो, पेड़ देखो, मैं बेटों को मना करूँगी. लेकिन बीवी-बच्ची शहर में."

माझा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली, खजूर वाचला. अजमानात या दोघींना स्वस्तात खोली कुठं मिळेल याचा विचारही मी सुरू केला होता.

"नहीं, मॅडम," धनंजय म्हणाला. "ग्यारह साल अकेला रहा. पेड़ किसी और को दे दो."

"सोच लो."

"सोच लिया. भेंडी निकलने तक रहता हूँ. फिर खलास."

बाईंनी मान हलवली. पानातली आमटी त्यांनी शेवटपर्यंत संपवली, दियाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

गाडी दिसेनाशी झाल्यावर कावेरीला रडू फुटलं. "मला विचारलंत तरी का?" ती म्हणाली. "सहा वर्षं हे उभं केलं आपण. मी राहिले असते अजमानात, दियाला घेऊन."

"तू राहिली असतीस गं," धनंजय म्हणाला. "मला जमलं नसतं."

मग तो पंप सुरू करायला गेला. भेंडीला पाणी द्यायचं राहिलं होतं.