ताटातला मासा: व्हिएतनामच्या एका खेड्यात

माझी लेक स्वाती म्हणाली, "आई, व्हिएतनामला चल." मी पहिलं विचारलं, "तिथं खातात काय?" ती म्हणाली, "भात." इतकं पटकन उत्तर आलं की मला तिथंच संशय आला. पण विमानात खिडकी मिळणार होती, म्हणून हडपसर सोडलं!

हनोईहून सकाळी गाडीनं निघालात की दोनेक तासांत निन्ह बिन्ह येतं. रस्ता गुळगुळीत. ड्रायव्हर हॉर्नच वाजवेना, तेव्हा हा झोपला की काय म्हणून मीच मधे मधे खाकरत होते. तिथं नावेत बसायचं. टोपी न्या, ऊन भाजून काढतं. नाववाली पायांनी वल्हं मारते बरं का, आणि हातानं फोन धरून गप्पा! पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर, कडेला भातखाचरं. बगळे आपल्या मुठेवर असतात तसेच, फक्त धुतलेले. मी अगदी हरखून गेले.

जेवण गावातल्या एका बाईकडे ठरलेलं. तिकडे म्हणे साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात. जन्मात मासा तोंडात घातला नाही, आता या वयात बाटायचं का? म्हणून शाकाहारी हवं ते बुकिंगलाच सांगा आणि पोचल्यावर पुन्हा विचारा. मी तर येताजाता विचारत होते.

ताट आलं. भात, दाण्याचा कूट घातलेली केळफुलाची कोशिंबीर, आणि मधोमध मासा!

"अगं आई, सोयाबीनचा आहे तो."

"आणि कातडी?"

"ती शेवाळाची."

"म्हणजे आणखीच बरं!"

टेबलाखाली त्यांचं मांजर होतं. लेकीपेक्षा त्याच्यावर माझा विश्वास जास्त. हळूच एक तुकडा टाकला. त्यानं हुंगला आणि सरळ निघून गेलं. मला हायसं वाटलं, पण त्या बाईनं नेमकं पाहिलं. तिचा चेहरा पडला.

तिनं माझा हात धरला आणि आत नेलं. पूर्वजांच्या फोटोंपुढे उदबत्ती, फळं, आणि बशीत तोच मासा! आमच्याबरोबरचा गाइड इंग्रजीत सांगत गेला, स्वाती मला मराठीत सांगत गेली: आज पौर्णिमा. पौर्णिमेला ही बाई स्वतःच सामिष खात नाही. आधी वाडवडिलांना नैवेद्य, मग पाहुणे.

मी फोटोंना हात जोडले, बाहेर आले आणि दोन तुकडे खाल्ले. गवती चहाचा वास, बाहेरून कुरकुरीत. तिसराही घेतला.

घरी आल्यावर वाघोलीची धाकटी जाऊ फोटो बघायला आली.

"ताई, हा मासा तुमच्या ताटात?"

"सोयाबीनचा आहे गं."

"हो का! दिसतोय खरा."

मी पोह्यांची बशी पुढे केली. तिनं चमच्यानं खालीवर करून पाहिली. म्हणाली, "नको, पोट जड आहे."

तिकडच्या बाईनं मला हात धरून नैवेद्यापर्यंत नेलं होतं. माझं मन काही एवढं मोठं नाही. मी बशी उचलली आणि आत नेली.