आवतन दिलेली गाडी

पुण्याला निघालो तेव्हा धानाचं रोवणं चालू होतं. बाबूजी चिखलाच्या पायांनीच बांधीतून सिहोऱ्याच्या बसथांब्यावर आले. "कोनाशी भांडू नोको बाबू, अन् पोटभर जेवत जाजो," एवढं बोलून बस हलायच्या आत माघारी फिरले. मला राग आला होता. आता टेस्टिंगच्या मधे घरून फोन आला की मीही दोन वाक्यांत उरकतो.

गावी राहिलेले तुम्ही विचारता, तिकडे करतोस तरी काय? भाऊ, मी बॅटऱ्या जाळतो. चाकणच्या लॅबमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीत मुद्दाम पाणी सोडायचं, चार्जिंगला लावायची आणि काचेआडून बघत बसायचं, कधी पेट घेते ते. म्हणजे पुढची जरा सुरक्षित बनवता येते.

बाबूजींचे गुडघे गेले, बैलजोडी विकावी लागली. रिकामा गोठा बघून ते जेवेनात, म्हणून मी त्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन दिली. शहाणपणा माझा! ते ती गोठ्यातच उभी करायचे, बैलांच्या जागेवर.

यंदा पोळ्याला मायचा फोन आला. हसत सांगत होती, "काल तुह्या बाबूजीनं बैलाची शेकतेत तशी गाडीची खांद शेकली. हँडलले हळद-लोनी लावून म्हनते, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आज तलावात नेऊन बैलावानी धुतली. आता गोठ्यात चार्जिंगले लावली."

मी ओरडलो, "माय, आधी प्लग काढ!"

फोन बाबूजींनी घेतला. "कायले ओरडून राहिला? आवतन देल्लं न तिले. पोळ्याच्या दिवशी उपाशी ठेवू काय?"

पाणी आत गेलंय, पेटेल, असं मी परोपरीनं सांगितलं. ते हसले. "तूच त बनवून राहिला बॅटऱ्या. तुही बनवलेली कायले जळन?" आणि फोन ठेवला.

मग कुणी उचलेचना. इथं लॅबमध्ये आग विझवायला सगळं हाताशी, आणि तिकडचा एक प्लग मला उपटता येत नव्हता. सगळ्यांसमोर रडलो मी.

संध्याकाळी मायनं उचलला. गोठा जळाला होता. गाडी बाहेर ओढायला बाबूजी आत शिरले, दोन्ही तळहात भाजले.

मी गेलो तेव्हा लोक बघायला येत होते. बाबूजी पट्ट्या बांधलेले हात हलवून प्रत्येकाला सांगत होते, "पोराच्या बॅटरीत खोट नाही. मीच पान्यात नेली." ती बॅटरी आमच्या कंपनीची नव्हतीच. सांगायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे बघितलं आणि गप्प बसलो. दोन दिवसांनी परतलो, सुट्टी तेवढीच होती.

घर कुठलं, असं पुण्यात कुणी विचारलं की आता नीट सांगता येत नाही. एवढंच कळतं, की कुठंही बॅटरी पेटल्याची बातमी आली, तर सिहोऱ्यात एक म्हातारा माझी बाजू घेऊन भांडत असेल, आणि मला इथून काहीही करता येत नसेल.