चिंचोक्याची खळ

बारामतीतल्या त्या चार मजली इमारतीत आबाजींना नावानं हाक मारणारं बाहेरचं माणूस एकच होतं, आणि ते तळमजल्यावर राहत होतं. आबाजी तिसऱ्या मजल्यावर. मुलगा शंभूराज कारखान्यात, सून वैष्णवी शाळेत. सकाळी आठाला दोघं दार ओढून घ्यायची, ते संध्याकाळी सातालाच उघडायचं. मधले अकरा तास आबाजींचे. अंथुर्ण्याच्या माळावर त्यांनी उभा जन्म मेंढरांमागं काढला. तिथंही दिवस दिवस माणूस दिसायचं नाही, पण एकटं असं कधी वाटलं नव्हतं. मग मेंढरं विकली, बायको सारजा गेली, आणि बापानं एकटं राहू नये म्हणून मुलानं त्यांना इथं आणलं. आणून एकटं ठेवलं. मुलाचा हेतू चांगलाच होता, त्याला बिचाऱ्याला दोष कसा द्यायचा?

दिवसाला अर्थ यायचा तो दुपारी चारला. तळमजल्यावरचे दत्तोपंत वालचंदनगरला पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगा परदेशात. चार वाजले की ते दारापुढच्या ओट्यावर दोन खुर्च्या मांडत. दुसरी कुणासाठी हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आबाजींनी कधी विचारलं नाही. चहा व्हायचा. दत्तोपंत बोलायचे, आबाजी ऐकायचे. कधी आबाजी मेंढरांचं सांगायचे, तर दत्तोपंत वर्गातल्या हुशार मुलासारखे प्रश्न विचारायचे.

दत्तोपंतांचा आवडता विषय मात्र ड्रेनेज. हसू नका, एकेकाला एकेक वेड असतं. जिन्याशी त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात सूचना लावली होती: चहाचा चोथा, तेलतूप, शिळा भात, केस, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, जुनी औषधं. यांतलं काहीही संडासात वा मोरीत टाकू नये. "संडासात मळ, मूत्र आणि पाणी. चौथं काही नाही, आबाजी," असं ते बोट वर करून सांगत. "वरचे टाकून मोकळे होतात. तुंबलं की सगळं तळमजल्याच्या घरात येतं."

"व्हय," आबाजी म्हणत. त्यांना ते मनापासून पटायचं.

दत्तोपंतांची कंबर फार दुखायची. एके दिवशी आबाजी म्हणाले, "गादी सोडा, पंत. घोंगडीवर निजा. आठ दिसांत फरक पडतो का न्हाय बघा."

"खरी घोंगडी मिळते कुठे आता?"

आबाजींनी तेव्हाच मनात ठरवून टाकलं. त्यांच्याकडं एक घोंगडी होती, काळ्या लोकरीची. सूत सारजानं कातलेलं. ती पंतांना द्यायची. पण वर्षानुवर्षं वापरून ती लुळी पडली होती, आणि लुळी घोंगडी काय द्यायची? ती ताठ व्हायला चिंचोक्याची खळ हवी. त्यांनी शाळेमागच्या चिंचेखाली वाकून वाकून चिंचोके वेचले. दत्तोपंतांनी विचारलं, तेव्हा खळीची सगळी कृती सांगितली. कशासाठी ते तेवढं सांगितलं नाही.

मंगळवारी घर रिकामं झाल्यावर त्यांनी न्हाणीघरात घोंगडी धुतली. पायांनी तुडवली, आपटली. सुटलेली लोकर जाळीवर बसली आणि पाणी तुंबलं, तेव्हा त्यांनी जाळी उचलून बाजूला ठेवली. पाणी गेलं, लोकरही गेली. मग घोंगडीला खळ चोळून आतल्या खोलीत वाळत घातली. अर्धी बादली खळ उरली. गावाकडं ती लिंबाच्या बुडाशी ओतली असती. इथं तिसऱ्या मजल्यावर माती कुठली? त्यांनी ती लोकरीमागून मोरीतच ओतली. चहाचा चोथा त्यांनी आयुष्यात मोरीत टाकला नसता. पण खळ त्या यादीत नव्हती, आणि खळीला कुणी घाण म्हणेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बुधवारी सकाळी दत्तोपंतांच्या न्हाणीघरात जाळीतून पाणी उलटं आलं. काळं, वासाचं, पार देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. चारला आबाजी खाली आले तर ओटा फिनेलनं घमघमत होता. खुर्च्या तरी दोनच होत्या.

"वर काहीतरी पांढरट, चिकट तरंगत होतं," दत्तोपंत म्हणाले. "या वयात मी बादल्या उपसतोय."

आबाजींना त्याच क्षणी कळलं. तोंड उघडलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण समोर ती खुर्ची होती. ती गेली तर दिवसाचे अकरा तास कसे रेटायचे, या विचारानं माणूस भ्याला. एवढ्या थोरल्या माळावर लांडग्याला न भ्यालेला माणूस एका खुर्चीसाठी भ्याला. ते म्हणाले, "व्हय," आणि चहा प्याले. गुरुवारीही प्याले. तोवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी गुन्हेगार शोधूनही काढला होता. तीन घरांची धुणीभांडी करणारी फुलाबाई. तिनंच पोतेरं सोडलं असणार. उद्यापासून येऊ नको, असं तिला सांगून झालं होतं. आबाजींना चहा गोड लागला नाही, पण त्यांनी कप खाली ठेवला नाही.

शुक्रवारी चोकअप काढणारा म्हस्कू आला. लांब स्प्रिंग फिरवून त्यानं चेंबरमधून हातभर काळा, चिकट दोर ओढून काढला. "बाईमाणसाचं क्यास हायती," तो म्हणाला.

सगळ्यांनी फुलाबाईकडं पाहिलं. ती कामावर ठेवा म्हणून विनवायला आली होती. तिचे केस लांब होते, हा तिचा पुरावा झाला. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, जणू केस लपवून काही उपयोग होता.

"क्यास न्हाईत ती," जिन्यातून आबाजी म्हणाले. "लोकर हाय. माझी हाय. अन् चिकाट हाय ती खळ. त्या बाईला बोलू नगा."

सेक्रेटरी बरंच काही बोलले. आबाजींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते फक्त दत्तोपंतांकडं पाहत होते.

"तुम्हाला कधी कळलं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"बुधवारीच."

"म्हणजे दोन दिवस माझ्यासमोर बसून चहा प्यालात."

"पंत, घोंगडी तुमच्यासाठीच..." आबाजी बोलू लागले. दत्तोपंत ऐकायला थांबले नाहीत. त्यांनी आत जाऊन दार लावलं, तेही न आपटता.

संध्याकाळी आबाजींनी घोंगडी घडी करून त्यांच्या दाराशी ठेवली. सकाळी फुलाबाई ती घेऊन वर आली. तिला काम परत मिळालं होतं. "काका म्हनलं, नगं," ती खाली बघत म्हणाली. "आबा, तुमी बोलला म्हनून माझं..." आबाजींनी हातानंच तिला थांबवलं. तिच्या आभारांचीच त्यांना लाज वाटली.

त्या दिवसापासून ओट्यावर एकच खुर्ची. चार वाजता ती ओढल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावर यायचा. यादीत नवी ओळ आली, त्याच वळणदार अक्षरात: लोकर, खळ.

दहा-बारा दिवसांनी आबाजींनी मनाचा हिय्या केला. चारला चपला पायात घालून खाली निघाले. शेवटच्या वळणावर बोलणं कानी आलं, म्हणून थबकले. दुसऱ्या मजल्यावरची अबोली यादी वाचून विचारत होती, "काका, खळ म्हणजे काय?"

"चिंचोके दोन दिवस भिजवायचे," दत्तोपंत सांगू लागले. "साल निघालं पाहिजे, घाई करायची नाही. मग पाट्यावर वाटायचे, मंद आचेवर शिजवायचे. बोटाला तार आली की उतरवायचं. कोमट असतानाच चोळायची, म्हणजे घोंगडी पावसातही वाकत नाही."

एक शब्द गाळला नव्हता. सगळं ध्यानात होतं. आबाजींनी पुढची पायरी उतरायला पाय उचलला.

"तुम्हाला हो कसं माहीत?" अबोली हसून म्हणाली.



"असंच, कुणाकडून तरी ऐकलं होतं," दत्तोपंत म्हणाले.

आबाजींनी उचललेला पाय मागं घेतला. चपला हातात घेतल्या, वाजू नयेत म्हणून, आणि ते तीन मजले परत चढून गेले.