काकांची तांबडी शाई

इंग्रजीची अब्रू राखणारा जगातला शेवटचा माणूस दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्या सोसायटीत, अगदी माझ्या वरच्या मजल्यावर राहतो, असं मी कोणालाही छातीठोकपणे सांगते. या काकांनी एका मंत्रालयात उभा जन्म पत्रांचे मसुदे तपासण्यात घालवला. हाताखालच्याने मसुदा आणायचा, यांनी तो तांबड्या शाईने रंगवून परत पाठवायचा. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, पेन काही सुटलं नाही. लिफ्टजवळ पाणीकपातीची नोटीस लागली की संध्याकाळपर्यंत ती लालबुंद झालेली असायची. एकदा सेक्रेटरी वैतागून म्हणाला, "अंकलजी, पानी तो फिर भी नहीं आएगा." काका शांतपणे म्हणाले, "न आए. सूचना तो ढंग की हो." मी साहेबांना नुसतं 'हाय' लिहून मेल धाडते हे कळल्यावर ते दोन दिवस माझ्याकडे चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते आदरयुक्त पत्राचा नमुना घेऊनच.

त्यांची एकुलती एक लेक मेलबर्नला असते. हॉस्टेलमध्ये असताना ती दर आठवड्याला त्यांना इंग्रजीतून पत्र लिहायची. काकांनी तीही तपासून, लाल करून, परतीच्या टपालाने तिला पाठवली. "मसुदा परत आला की माणूस शिकतो," असं ते मला अभिमानाने सांगायचे. पत्रं मात्र आधी आखूड झाली, मग बंदच झाली. आता मोबाइलवर 'ऑल गुड' येतं, नाहीतर नुसता अंगठा. आणि सगळी परत पाठवल्यामुळे लेकीचं एकही पत्र आज त्यांच्या घरात नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी ते माझ्यासमोर फोन घेऊन बसले. "तुमचं ते हल्लीचं इंग्रजी शिकव गं मला. माझं वाचून ती घाबरते." तासभर खपून त्यांनी मजकूर तयार केला: 'हाय बेटा, मिसिंग यू यार.' मग एकदाचा तो पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. "बाबा, बरं आहे ना तुम्हाला? फोन दुसऱ्या कोणाच्या हातात तर नाही ना?"

मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझी ती हॉस्टेलची पत्रं आहेत का गं अजून?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "त्यात माझं असं काही उरलंच नव्हतं."

"मग एक नवं लिही. कसंही लिही. मी परत नाही पाठवणार."

ती 'बघते' म्हणाली.

लिफ्टजवळच्या नोटिसा हल्ली चुकांसकट तशाच लटकत असतात, आणि मला ते बघवत नाही. काकांचं तिकडे लक्षच नसतं. दुपारी ते खाली उतरतात ते टपालाची पेटी उघडायला. आत वीजबिल असतं, नाहीतर तेही नसतं. पेटीला कुलूप लावून ते वर येतात आणि मी काही विचारायच्या आत मलाच समजावतात, "परदेशातलं टपाल आहे. वेळ लागतो गं."