रिकाम्या खुर्च्यांचा फोटो

टीव्ही लावून बायकोशी भांडणारे नवरे आमच्या एल्स्बी गावात पुष्कळ आहेत. ऑर्व्हिल ट्वेटन थेट टीव्हीशी भांडायचा. निवडणुकीचं वर्ष आलं की बातम्या देणारी बाई पडद्यावर दिसायचा अवकाश, हा खुर्चीच्या कडेला सरकून बसायचा आणि तिला दटावायचा, "खोटं! सपशेल खोटं! आमच्या माणसाच्या सभेला किती गर्दी होती ते दाखव की!"

"ऑर्व्हिल, तिला ऐकू जात नाही," त्याची बायको लव्हॉन स्वयंपाकघरातून म्हणायची.

"म्हणून तर मोठ्यानं सांगतोय!"

मी त्यांची शेजारीण, इर्मा. मधे एक मक्याचं शेत, पलीकडे माझं घर. ऑर्व्हिलचा पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले अर्धे म्हणतील बरी जिरली, आणि उरलेले म्हणतील बिचारा. माझा पक्ष त्याच्या विरुद्ध, एवढं पुरे. दर चार वर्षांनी आम्ही तिघं एकाच गाडीतून मतदानाला जायचो. वाटेत ऑर्व्हिल म्हणायचा, "इर्मा, तू आणि मी घरीच बसलो असतो तरी चाललं असतं. तुझं मत माझं खाणार, माझं तुझं. पेट्रोल तरी वाचलं असतं." लव्हॉनचं मत कुणाला जायचं ते तिनं कधी सांगितलं नाही. मला अंदाज आहे, पण तो माझ्यापाशीच राहील.

लव्हॉन 'मिरर'मध्ये लिहायची. 'मिरर' म्हणजे आमचं साप्ताहिक, दर बुधवारी येणारं. त्यात आमच्या आणि आसपासच्या वस्त्यांच्या बातम्यांचा रकाना तिचा. 'रविवारी अर्नी लुंड यांच्याकडे त्यांची मेहुणी कॉफीला आली होती.' 'हेझल ब्रेक यांचा गुडघा आता बरा असून काठी लागत नाही.' शहरातली माणसं असलं वाचून हसतात. हसू देत. आमच्याकडे पाहुणा येऊन गेला तरी बुधवारी लव्हॉनच्या रकान्यात छापून येईपर्यंत तो आल्यासारखा वाटायचा नाही. ती संध्याकाळी फोन घेऊन बसायची आणि घरोघरी विचारायची: कोण आलं होतं, किती दिवस राहिलं, जेवायला काय केलंस. तीस वर्षं तिनं हे केलं. आमच्या वस्तीतलं एकही बारसं, एकही मयत तिच्या हातातून सुटली नाही.

त्या वर्षी ऑर्व्हिलच्या पक्षानं जत्रेच्या मैदानातल्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी राज्यातले एक बडे पुढारी बोलायला येणार होते. ऑर्व्हिलनं हौसेनं सगळ्या खुर्च्या स्वतः मांडल्या, ओळी सरळ आहेत का ते दोरी धरून पाहिलं. आमच्याकडे आधी खाणं आणि मग भाषण, आणि त्या दिवशी लव्हॉनच्या हातचा 'पाय' होता, रूबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरून भट्टीत भाजलेला. त्यामुळे सगळी माणसं मागच्या दारापाशी ताटल्या घेऊन रांगेत. रांग पार गाड्या लावतात तिथपर्यंत गेलेली.

नेमका त्याच वेळी डेल हाउगन आला. 'मिरर'चा संपादक तोच, बातमीदार तोच, फोटो काढणारा आणि अंक पोस्टात टाकणाराही तोच. त्याला पुढे शाळेच्या फुटबॉल सामन्याला जायचं होतं. घाईत पुढच्या दारानं आत शिरला, पुढारी माइक ठाकठोक करून बघत होते, त्यांचा फोटो काढला आणि गेला.

बुधवारी पहिल्या पानावर तो फोटो. पुढारी माइकपाशी आणि समोर ऑर्व्हिलच्या त्या दोरीत धरलेल्या रिकाम्या खुर्च्या. त्याच्याच खाली आमच्या पक्षाची सभा, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खच्चून भरलेली. मीही होते त्या फोटोत, भिंतीला चिकटून. आम्ही मूठभर माणसं होतो, पण खोलीच तेवढी!

ऑर्व्हिल अंक घेऊन तडक डेलच्या टेबलापाशी गेला. मी तिथं जाहिरात द्यायला गेले होते, म्हणून हे कानांनी ऐकलं.

"डेल, माणसं 'पाय'च्या रांगेत होती!"

"असतील. मी आलो तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या, ऑर्व्हिल. मी काय त्यांच्यावर माणसं चिकटवू?"

"तुलाही त्या टीव्हीवाल्यांचा वारा लागलाय."

"अरे, मी तुझ्या लग्नात फोटो काढलेत! चुकलं माझं. पुढच्या अंकात लिहितो."

त्यानं लिहिलं. सहाव्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली, दोन ओळी. ऑर्व्हिल लाल झाला. "बदनामी पहिल्या पानावर आणि माफी कुत्र्याखाली!" आणि खरं सांगू? ऑर्व्हिलचं बरोबर होतं. मी विरुद्ध पक्षाची असून सांगते, त्याचं बरोबर होतं. पण बरोबर असलेला माणूस जेवढी नासधूस करतो तेवढी चुकलेला करत नाही, कारण चुकलेला कुठंतरी थांबतो.

तो पिकअप घेऊन शेतोशेती फिरला. 'मिरर' बंद करा. धान्याच्या कोठारावर त्याची आयुष्यभर नोकरी झालेली, सगळे त्याला मानायचे. वर्गणीदार गेले, कोठाराची जाहिरात गेली. बिचाऱ्या डेलनं न्याय म्हणून ऑर्व्हिलचं संतापाचं लांबलचक पत्र जसंच्या तसं छापलं, तर आमच्या पक्षाची माणसं बिथरली. म्हणाली, बघा, हा त्यांना विकला गेला! त्यांनीही अंक बंद केले. डेलची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली.

मग एक दिवस ट्वेटनांच्या स्वयंपाकघरात आम्ही कॉफी घेत होतो. ऑर्व्हिल टोपी काढून बसला आणि लव्हॉनला म्हणाला, "तू त्या कागदात लिहायचं थांबव आता."

"मी राजकारण कुठं लिहिते? मी अर्नीची मेहुणी लिहिते."

"लोक मला तोंडावर विचारतात. म्हणतात, 'तू आम्हाला अंक बंद करायला सांगतोस आणि तुझ्याच घरातून दर आठवड्याला मजकूर जातो.' काय उत्तर देऊ?"

लव्हॉननं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

मला राहवलं नाही. "ऑर्व्हिल, तू गाढव आहेस."

"निवडणूक होऊ दे, मग बघू," तो म्हणाला. त्याला तेव्हा खरंच वाटत होतं की हे सगळं निवडणुकीपुरतं आहे.

निवडणूक झाली. कुणीतरी जिंकलं, कुणीतरी हरलं. त्यातल्या कुणालाही एल्स्बी नकाशावर सापडणार नाही. वसंत यायच्या आत 'मिरर' बंद पडला. डेल शाळेची बस चालवायला लागला. लव्हॉन मात्र संध्याकाळी फोन घेऊन बसतच राहिली. कोण आलं होतं, किती दिवस राहिलं. छापायचं कुठंच नव्हतं. ऑर्व्हिल टीव्हीचा आवाज कमी करायचा, तिला नीट ऐकू यावं म्हणून. त्यानं माफी मागितली नाही, पण आवाज कमी केला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या जानेवारीत लव्हॉन गेली. सकाळी भांडी विसळता विसळता खाली बसली आणि उठलीच नाही.

मी गेले तेव्हा ऑर्व्हिल टेबलापाशी बसला होता, अंगात कोट, पायात बूट, कुठं निघायचं होतं ते विसरल्यासारखा. वर बघून म्हणाला, "इर्मा, बातमी कुठं द्यायची?"

माझ्याकडे त्याच्यासाठी बोलणी साठवून ठेवलेली होती, वर्षभराची. ती तशीच राहू दिली आणि त्याच्यासाठी कॉफी ठेवली.

तो डेलकडे गेला. डेल बसमधून उतरला आणि तिथंच बर्फात उभा राहून रडला. "अरे, 'मिरर' असता तर पहिलं पान दिलं असतं तिला. पूर्ण पान."

मयतीची सगळी व्यवस्था करणाऱ्या दुकानवाल्यानं बातमी इंटरनेटवर टाकली म्हणे. आमच्याकडे माणसं इंटरनेटवर हवामान बघतात, मयत बघत नाहीत. चर्चच्या लोकांना फोन गेले, तेवढ्यांना कळलं. पण लव्हॉनची माणसं म्हणजे काय फक्त आमचं चर्च? पलीकडचे कॅथलिक, वरच्या वस्तीतले डेअरीवाले, सगळ्यांच्या घरातलं बारसं तिनं लिहिलेलं. चर्चमधली बाकडी पुरणार नाहीत म्हणून ऑर्व्हिलनं मागच्या भिंतीपर्यंत घडीच्या खुर्च्या मांडल्या. मी चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच केले, बटाट्याचं सॅलड केलं, तिला शोभेल एवढं.

खुर्च्या भरल्या नाहीत. बाकडीसुद्धा पुरती भरली नाहीत. डेल शेवटच्या ओळीत एकटा बसला होता. ऑर्व्हिल बाहेर जाताना त्याच्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "आज फोटो काढू नको हं, डेल." डेलनं उठून त्याचा हात धरला. उरलेले सँडविच मी आलेल्यांना बांधून दिले.

पण खरं पुढंच होतं. पेट्रोल भरताना कुणीतरी खिडकीतून ओरडायचं, "काय रे, लव्हॉन बरी ना?" किराणा दुकानात, पोस्टात, न्हाव्याकडे. माहीतच नव्हतं कुणाला. प्रत्येकाला त्यानंच सांगायचं, आणि सांगून झालं की समोरच्याचीच समजूत काढायची. आधी तो नीट सांगायचा. मग दोन शब्दांत. उन्हाळ्यापर्यंत त्यानं गावात जाणंच कमी केलं. मी एकदा म्हटलं, "चिठ्ठी लावू या का दुकानात?" तो म्हणाला, "ती काय हरवलेलं कुत्रं आहे?"

ऑगस्टमध्ये जत्रेत चर्चचा 'पाय'चा ठेला होता. मी ओढूनच आणलं त्याला. तो बाकावर बसून रूबार्बचा तुकडा काट्यानं उगाच चिवडत होता, तेवढ्यात वरच्या वस्तीतली हेझल ब्रेक आली, तिच्या बऱ्या झालेल्या गुडघ्यासकट.

"ऑर्व्हिल! लव्हॉन कुठंय? किती दिवसांत फोन नाही तिचा. माझी बहीण आली होती मोंटानाहून, बारा वर्षांनी! पेपर नाही आता, ठाऊक आहे मला. पण लव्हॉनला सांगितल्याशिवाय बहीण आल्यासारखी वाटत नाही."

मी काउंटरमागून पुढे झाले. आता मीच सांगावं म्हणून तोंड उघडलं. ऑर्व्हिलनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"बस ना, हेझल," तो म्हणाला. सरकून तिला जागा केली. "किती दिवस राहिली बहीण?"

"आठवडाभर!"

"जेवायला काय केलंस?"

हेझल सांगत राहिली. भाजलेलं बीफ, नवे बटाटे, बहिणीची पथ्यं. ऑर्व्हिल मन लावून ऐकत होता, मधेच बहिणीचं नाव नीट विचारून घेत होता.

"सगळं सांगशील ना तिला?" हेझल उठताना म्हणाली.

"घरी गेलो की सांगतो," ऑर्व्हिल म्हणाला.