खांब काढून नेलेला किल्ला

दत्तप्रसाद केळुसकर अजून न झालेल्या इमारती जन्मभर बांधत आला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात याकूबभाईंचं मॉडेलचं वर्कशॉप होतं. बिल्डर लोक नकाशे घेऊन यायचे आणि हा त्यांना फोमबोर्डाचे, अ‍ॅक्रिलिकचे टॉवर करून द्यायचा. दुबई मरीनात नुसती वाळू उडत होती तेव्हा याच्या टेबलावर तिथले टॉवर बाल्कन्यांसकट उभे असायचे. या कामात त्याची मान आखडली, डोळ्यांना दोन चष्मे लागले. बोलायचा तर इतका कंटाळा आला होता, की जेवताना मीठ हवं असलं तरी गृहस्थ नुसता हात पुढे करून थांबायचा.

घर अजमानला. २००१च्या उन्हाळ्यात त्या घरात एकच विषय होता. लेक शुभ्रा बारावी झाली होती आणि तिला पुण्यात कॉलेज मिळालं होतं. तिच्याबरोबर अनुपमा, म्हणजे दत्तप्रसादची बायको, कायमची परत निघाली होती. त्यानेही यावं, हे ती दरवर्षी सांगायची आणि तो दरवर्षी ‘हातातलं काम संपू दे’ म्हणायचा. या वेळी तिने विचारलंच नाही. दोघींची तिकिटं काढली आणि त्याच्यासाठी मागच्या बिल्डिंगमध्ये, चार पुरुषांच्या खोलीत एक बेड बघून ठेवला. त्याला ते फार लागलं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं, ते कुठून आणणार?

अशात वर्कशॉपात मोरीतासाहेब आले. एका जपानी कंपनीतून निवृत्त होऊन ते मायदेशी चालले होते. त्यांच्या गावाजवळच्या टेकडीवर मध्ययुगातला एक किल्ला होता आणि विद्यार्थी असताना तिथल्या उत्खननात त्यांनी स्वतः माती उपसली होती. आता गावच्या छोट्या म्युझियमला त्यांना त्या जागेचं मॉडेल भेट द्यायचं होतं. किल्ला म्हटल्यावर याकूबभाईंना चढत्या छपरांचा पांढरा महालच दिसायला लागला. नकाशात तसलं काहीच नव्हतं. ते महाल पुढच्या काळातले. त्याआधीचे सरदार टेकडीचा माथा सपाट करायचे, भोवती कोरडे खंदक खणायचे आणि वर लाकडाची घरं बांधायचे. लाकूड गेलं, खांबांचे खड्डे तेवढे राहिले.

“दत्ताभाई, इसमें किला किधर है?” याकूबभाईंनी विचारलं. दत्तप्रसादने खांदे उडवले आणि बोर्ड कापायला घेतले.

टेकडी झाली, खंदक झाले, मग तो खड्ड्यांकडे वळला. नकाशातले बरेच खड्डे वेडेवाकडे होते, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखे. बिल्डरांचे गचाळ नकाशे निस्तरून देण्यात याची हयात गेलेली. त्याने एकूण एक खड्डा ड्रिलने गोल गरगरीत करून टाकला आणि साहेब खूश होतील असं धरून चालला.

साहेबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग शेपटं कुठे गेली, असं हळूच विचारलं. मी साफ केली, असं याने सांगितल्यावर ते चिडले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि सांगू लागले, की खोल रोवलेला खांब सरळ वर येत नाही. एका बाजूची माती खणायची, खांब त्या बाजूला हलवून हलवून सैल करायचा आणि मग ओढायचा. नंतर त्या जागी भरलेल्या मातीचा रंग वेगळा दिसतो, तेच ते शेपूट. किल्ल्यावर जळाल्याची खूण नव्हती, बाणाचं टोकसुद्धा सापडलं नव्हतं. माणसांनी आपणहून खांब काढले आणि लाकूड घेऊन ती खाली गावात गेली असावीत.

“कुणी हाकललं असेल त्यांना?” दत्तप्रसादने विचारलं.

“ते मातीवरून कळत नाही,” मोरीतासाहेब म्हणाले. “घाई नव्हती, एवढं कळतं. एकेक खांब नीट काढलाय, कुजायच्या आत.”

दत्तप्रसादला आधी त्या खड्ड्यांचा राग आला आणि मग स्वतःचा. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याने गोंदाच्या वासाला दोष दिला. इथलं सगळं आवरून घरी परत जावं असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून वाटलं. कानस घेऊन तो नकाशात बघून त्या त्या खड्ड्याला पुन्हा शेपूट कोरत बसला आणि मॉडेल गेलं त्याच संध्याकाळी व्हिसा कॅन्सल करा म्हणून याकूबभाईंना सांगून मोकळा झाला. त्यांनी पगार वाढवतो म्हटलं, इन्शाल्ला पुढच्या वर्षी सोडतो म्हटलं.

“खलास, याकूबभाई. थक गया,” एवढंच हा म्हणाला.

घरी अनुपमा चादरी घड्या करत होती. दारातच उभं राहून त्याने सांगितलं, की नोकरी सोडली, कागद झाले की लगेच मागोमाग येतो.

तिने हातातली घडी पूर्ण केली आणि पलंगावर बसली. “आत्ता सांगताय हे?” ती म्हणाली. “वर्षभर मी तुमच्याशिवाय राहायची सवय करत होते हो.” आणि तिला रडू फुटलं.

तो शेजारी जाऊन बसला.

“झाली का सवय?” त्याने विचारलं.

“झाली होती,” अनुपमा म्हणाली.